सपाट पायरी

१

दर बुधवारी सकाळी अकरा वाजता मी आंधळ्यांना चित्र दाखवते. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास हसतो आणि मग ओशाळतो. मला त्याचं काही वाटत नाही. संग्रहालयात सतरा वर्षं काढली की कातडी जाड होते.

आमच्याकडे नाव घेण्यासारखं चित्र एकच आहे. पाचशे वर्षांपूर्वीचं, लाकडी फळीवर रंगवलेलं. कमानीखाली उंच आसनावर आई, तिच्या मांडीवर बाळ, दोन्ही बाजूंना दोन-दोन संत आणि पुढे तीन दगडी पायऱ्या. त्याला हात लावायची कोणालाच परवानगी नाही, मलाही नाही. म्हणून शेजारी एक फळा लावला आहे. तेच चित्र, तेवढ्याच मापाचं, पण आमच्या सुताराने लाकडात उठावाने कोरलेलं. ज्यांना दिसत नाही त्यांनी त्यावरून बोटं फिरवायची आणि मी बोलायचं, असा कार्यक्रम.

माझं बोलणं पाठ आहे. संत ओळखायचा तो चेहऱ्यावरून नाही, हातातल्या वस्तूवरून. ज्या वस्तूने त्याचा जीव घेतला तीच चित्रकार त्याच्या हातात देतो. डावीकडे पुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातात दातेरी चाक, तिच्यामागच्या तरुणाच्या हातात बाण. उजवीकडे सांडशी घेतलेली बाई, आणि सांडशीत अजून उपटलेला दात. "आणि चेहरे बघाल तर चौघं जण बस यायची वाट बघत असल्यासारखे," असं मी म्हणते. इथे लोक हसतात. चौथा म्हातारा आहे, त्याच्या हातात दोराचं वेटोळं. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर माझा वेळ संपत आलेला असतो, म्हणून त्याला मी एका वाक्यात उरकते. त्याला फाशी दिली असणार असं ऐकणारे आपापलं समजून घेतात, आणि मी समजू देते. आमचा पहारेकरी या चौघांना चाकवाली, बाणवाला, सांडशीवाली आणि दोरवाला म्हणतो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या संचालिका, आसपास नसल्या की मीही तेच म्हणते.

शेवटी सगळे एकच विचारतात. ही आई बाळाकडे अशी का बघते? अशी म्हणजे कशी, ते कोणाला सांगता येत नाही. न दिसणाऱ्यांची बोटंसुद्धा त्या पापण्यांपाशी येऊन थबकतात. माझं उत्तर तयार असतं. "तिला ठाऊक आहे. पोराचं पुढे काय होणार ते तिला आधीच कळलंय. आणि करण्यासारखं काही नाही."

सतरा वर्षं हे वाक्य मी तिकीट फाडून द्यावं तसं देत आले.

२

सूरवाले काका माझे जुने गिऱ्हाईक. उभा जन्म त्यांनी लोकांच्या पियानोंचे सूर जुळवून देण्यात घालवला. जन्मापासून आंधळे, आणि 'अंध' म्हटलं तर चिडतात. "आंधळा म्हणा हो बाई, तेवढंच लवकर कळतं," म्हणतात. माझं सगळं बोलणं त्यांना पाठ आहे, तरी दर बुधवारी येतात, एकेक आकृती चाचपून खुशाली विचारल्यासारखं करतात आणि जातात.

त्या बुधवारी ते एकटेच होते. आईवरून, बाळावरून त्यांचे हात खाली उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर डावीकडे थांबले.

"ही छोटी कधी आली?"

"कोण छोटी?"

"ही काय. पायरीवर उभी आहे. माझ्या वितीएवढीसुद्धा नाही. दोन वेण्या आहेत." त्यांनी अंगठ्याने पुन्हा तपासलं. "डावी आखूड आहे. सुताराचा हात चुकला वाटतं."

त्या जागी काहीही नाही. मूळ चित्रातसुद्धा नाही. तिथला तळहाताएवढा रंग केव्हाच गळून गेलाय आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी तो खळगा साध्या करड्या रंगाने भरून टाकलाय. तिथे पूर्वी काय होतं कोणाला माहीत नाही. म्हणून मीच सुताराला सांगितलं होतं, तेवढी पायरी सपाट ठेव. मी बोट फिरवून पाहिलं. सपाट, गुळगुळीत.

"काका, इथे काही नाहीये."

"असं होय?" त्यांनी हात काढून घेतला. माणूस सभ्य. "मग माझी बोटं म्हातारी झाली म्हणायची."

दुपारी मी लेकीला आणायला शाळेत गेले. माझी लेक सहा वर्षांची, घरात तिला आम्ही चिमणी म्हणतो. ती फाटकातून बाहेर आली ती स्वतःची डावी वेणी हातात घेऊन. अर्धी. हस्तकलेच्या तासाला कात्रीने कापली होती. शिक्षिका माफी मागत होती, चिमणी मात्र खुशीत होती. "वेणीला दुखतं का ते बघायचं होतं. नाही दुखत."

मी तिथे उभी राहिले. मग स्वतःला म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. जगात दर दुसऱ्या पोरीला दोन वेण्या असतात.

"आई, बोट," चिमणी म्हणाली.

रस्ता आला की ती असंच म्हणते. ती माझा हात धरत नाही, उजव्या हाताची करंगळीच धरते. लहानपणी दारात चेमटून माझी ती करंगळी मधल्या पेरापासून वाकडी झालीये. पोरीला ती जन्मापासून आवडते. दाराच्या कडीसारखी मुठीत नीट बसते म्हणते. मी बोट दिलं, आम्ही रस्ता ओलांडला आणि उरलेले केस सारखे कापून घेण्यावरून घरापर्यंत भांडत गेलो. ती जिंकली. वेण्या तशाच राहिल्या.

३

पुढच्या बुधवारी मी मुद्दाम काही बोलले नाही. बोलायची माझी टकळी कधी बंद नसते, पण त्या दिवशी मी दाताखाली जीभ धरून उभी राहिले. काका आईपाशी गेले, बाळापाशी गेले, चाकवालीपाशी थोडे रेंगाळले. मग हात खाली आले.

"आहे अजून," ते म्हणाले. जरा दिलगिरीनेच म्हणाले. "सांगू का नको?"

"सांगा."

"उजव्या बुटाचा पट्टा तुटलाय. त्याला सुतळी बांधलीये. दोन गाठी आहेत."

सकाळी घाईत चिमणीच्या बुटाचा पट्टा तुटला होता. स्वयंपाकघरातली सुतळी मी स्वतः बांधली होती, आणि एक गाठ सुटेल म्हणून वर दुसरी मारली होती. हे मला माहीत होतं आणि चिमणीला. तिचे बाबा तेव्हा अंघोळीला गेलेले.

"आणि मूठ वळलीये," काका म्हणाले. "मागच्या वेळी वळलेली नव्हती. मुठीत काहीतरी आहे."

"काय आहे?"

"अजून कळत नाही."

"अजून म्हणजे?"

"म्हणजे पुरतं झालेलं नाही, बाई."

माझी पाचावर धारण बसली. त्या चित्रात हातात काहीतरी धरून उभं राहायचं म्हणजे काय, हे या शहरात माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? सतरा वर्षं तेच तर सांगतेय.

४

त्या आठवड्यात मी घर पिंजून काढलं. कात्र्या, उडी मारायची दोरी, शिवणाच्या सुया, गोट्या, पडद्याच्या दोऱ्या, औषधाच्या बाटल्या. जे जे सहा वर्षांच्या मुठीत मावेल ते ते कपाटाच्या वरच्या खणात कुलूप घालून ठेवलं. चिमणीने तिची शिट्टी मागितली, मी दिली नाही. ती रडली. तिचे बाबा म्हणाले, "साप साप म्हणून भुई धोपटतेयस तू. एका म्हाताऱ्याच्या बोटांवर विश्वास आणि स्वतःच्या डोळ्यांवर नाही?"

खरं होतं त्यांचं. माझं डोकं मला रोज सकाळी हेच सांगायचं. लाकूड आहे, हवेतल्या ओलीने फुगतं, रेषा उठतात. म्हातारा एकटा आहे, त्याला एक नात हवीये. सुतळीचं काय? सुतळीचं उत्तर डोक्याकडे नव्हतं, म्हणून ते सुतळीवर गप्प बसायचं.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या स्वतः आल्या, चष्मा लावला, पायरीवर हात फिरवला. "सपाट आहे," म्हणाल्या. "तुम्ही रजा घ्या चार दिवस." मग मी सुताराला गाठलं आणि तेवढी पायरी रंध्याने आणखी तासून दे म्हटलं. तो वैतागला. "सपाट आहे ती आणखी सपाट कशी करू? भोक पडेल." पण त्याने तासली. पातळ, कुरळ्या ढलप्या माझ्या पायाशी पडल्या. त्या मीच झाडून भरल्या आणि कचऱ्यात टाकल्या. दोन दिवस मला बरं वाटलं.

५

तिसरा बुधवार. काका दहालाच येऊन बाकावर बसले होते. "आज नको वाटलं तर हात लावत नाही," म्हणाले. मीच म्हटलं, लावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

त्यांनी बराच वेळ घेतला. दालनात कोणी नव्हतं. दारातल्या खुर्चीत पहारेकरी पेंगत होता, त्याच्या किल्ल्यांचा जुडगा श्वासाबरोबर थोडा थोडा वाजत होता.

"लांबट आहे," काका म्हणाले. "दोर नाही. काठी नाही. सांधे आहेत त्याला." मग त्यांनी अंगठा टोकापर्यंत नेला. "बोट आहे हो, बाई. मोठ्या माणसाचं. करंगळी. मधल्या पेरापासून बाहेर वाकलेली."

मी हात मागे लपवला. आंधळ्या माणसासमोर हात लपवला. इतक्या वर्षांत आम्ही कधी हातात हात दिला नव्हता. काठी टेकत येतात, काठी टेकत जातात.

"तुम्ही डोळे उघडे ठेवून बघता," काका हळूच म्हणाले. "मिटून बघा."

मिटण्यात काय आहे, असं वाटून मी मिटले. पायरीवर बोट ठेवलं. गार, गुळगुळीत. मला हसू येणार होतं. मग बोट आणखी थोडं पुढे गेलं.

आधी बूट लागला. सुतळी. दोन गाठी. त्यावर फ्रॉकची झालर, चुकीच्या काजात घातलेलं एक बटण, आणि मग मूठ. तिच्या बोटांचे सांधे तांदळाएवढे होते. मुठीतून माझी करंगळी बाहेर आलेली होती, आणि ती कुठून येते ते पाहायला मी त्या मोठ्या हाताच्या मनगटावरून मागे मागे गेले. हात फळ्याच्या कडेपर्यंत आला आणि तिथे संपला. पुढे चौकट होती, चौकटीपुढे हवा. त्या हाताचं माणूस फळ्यात नव्हतंच. ते फळ्याच्या बाहेर होतं, डावीकडे, जिथे मी उभी होते.

मी डोळे उघडले. बोटाखाली रंधा मारलेली कोरी पायरी होती.

६

मी बाकावर बसले आणि रडले. लाज वाटली नाही. काकांना मी पहिल्यांदाच सांगितलं, की मला मुलगी आहे, तिची एक वेणी आखूड आहे आणि हे बोट माझं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"माझ्या हातून ती जाणार," मी म्हटलं. "तिच्या मुठीत मी आहे. मी."

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या दोरवाल्याला फाशी दिली ना?"

"नाही," म्हटलं. "त्याला नदीत ढकललं होतं. कोणीतरी दोर टाकला, तो धरून तो वर आला. पुढे म्हातारा होऊन अंथरुणात मेला."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"वेळ संपलेला असतो."

"म्हणजे तिथे नियम दोन आहेत," काका म्हणाले. "मारलं ते, किंवा तारलं ते."

मी त्यांचा हात जवळजवळ ओढलाच. "मग हे कुठलं? पुन्हा बघा. कसं धरलंय तिने? मी तिला ओढून घेतेय की ती मला? कुठल्या बाजूला?"

ते उठले आणि पुन्हा चाचपू लागले. डोकं एका बाजूला कललेलं, जणू कान लावून बघत होते.

"ताण आहे," शेवटी म्हणाले. "भरपूर आहे. पण ओढतंय कोण ते नाही सांगता येत. पन्नास वर्षं तारा पिळल्या मी. तार दोन्ही टोकांना सारखीच ताणलेली असते, बाई. मधे बोट ठेवून कळत नाही."

७

मी साधा मार्ग काढला. आठवडाभर चिमणीला शाळेत तिच्या बाबांनी सोडायचं आणि त्यांनीच आणायचं. माझं बोट रस्त्यावर नकोच. त्यांनी ऐकलं. मला बरं वाटावं म्हणून ऐकलं.

सोमवारी ती त्यांच्या हातातून निसटून रस्त्यावर धावली. एक मोटार कचकन थांबली. मंगळवारी पुन्हा निसटली. या वेळी एका सायकलवाल्याने तिला दप्तराला धरून मागे खेचलं. घरी आल्यावर तिचे बाबा पांढरेफटक पडले होते. "माझा हात धरतच नाही ती," म्हणाले. "म्हणते बाबांच्या बोटाला कडी नाही. उद्यापासून तूच जा बाई, माझ्याच्याने नाही होणार."

बोट द्यावं तरी भीती, न द्यावं तरी भीती. इकडे आड तिकडे विहीर लोक उगीच म्हणत नाहीत, पण आड आणि विहीर यांतलं एक निवडायला लावून मधे पोरीला उभं करतात, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

आज बुधवार. काका आले, हात लावला आणि ताबडतोब काढून घेतला. मी विचारलं नाही. जाता जाता दारातून तेच म्हणाले, "एक पाय पायरीच्या खाली आलाय." काठी टेकत गेले. पुढच्या बुधवारी येतो म्हणाले नाहीत, दर वेळी म्हणतात.

८

शाळा तीनला सुटते. चिमणी बाहेर आली. मला बघून तिला इतका आनंद झाला की ती धावत येऊन माझ्या पोटावर आदळली. वेण्या तशाच, एक आखूड. फ्रॉकचं एक बटण चुकलेलं. बूट अजून दुरुस्त केलेला नाही. सकाळी मीच कात्री घेऊन ती सुतळी कापायला बसले होते, पण मग बूटच पायात राहीना, म्हणून पुन्हा बांधली. दोन गाठी.

आम्ही चौकापर्यंत आलो आणि फुटपाथच्या कडेला थांबलो. इथला सिग्नल आंधळ्यांसाठी आवाज करतो. लाल असताना सावकाश टक, टक. हिरवा झाला की जलद. आमच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. एका बाईकडे छत्री, एकाकडे पुठ्ठ्याचं खोकं, कोणाकडे पिशवी. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं आणि कोणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं.

माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता. मी तो घट्ट आवळून धरला होता.

"आई, बोट."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"आई. बोट दे ना."

डाव्या हाताने तिचं मनगट धरावं असं मनात आलं. दप्तर धरावं. उचलून कडेवर घ्यावं. पण मग तेही माझेच हात. घरी परत जावं, तर घराकडे जायला हाच रस्ता. इथेच उभं राहावं, तर किती वेळ? काल मारलं की तारलं ते मला कळत नव्हतं, आजही कळत नाही, आणि उद्यासुद्धा हा चौक इथेच असणार. मी तिच्याकडे बघत राहिले. सुतळीचा बूट फुटपाथवर होता. दुसरा पाय तिने आधीच खाली रस्त्यावर ठेवला होता.

तिचा हात माझ्या खिशात शिरला. शोधत शोधत आत आला आणि आवळलेल्या मुठीतून त्याने करंगळी अलगद सोडवून घेतली. मी दिली नाही. मी काढूनही घेतली नाही. एवढंच खरं सांगू शकते.

तिने मान वर केली.

"आई, तू माझ्याकडे अशी का बघतेस?"

"अशी म्हणजे कशी?"

तिला सांगता आलं नाही. टकटक जलद झाली, आणि तिने बोट ओढलं.